चांदोरकरांच्या दोन काचा

ताईचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि माझ्यासमोरच्या बाकावर एक मीटर निम्मा तपासून झाला होता. "सुधीर, ये. हे गेले," एवढंच ती म्हणाली. रडत नव्हती. वीज खात्याच्या मीटर तपासणीत मला तेहतीस वर्षं झाली. हातातलं रीडिंग अर्धवट सोडलं की पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं, म्हणून मी ते पुरं केलं, वहीत लिहिलं, सही केली आणि मग निघालो. सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांची तेव्हा लाज वाटली नव्हती. आता वाटते, कारण आता जे लिहायचं आहे ते अशाच एका रीडिंगबद्दल आहे, आणि ते मीच घेतलं होतं.

दिगंबर चांदोरकर, माझे भाऊजी, त्र्याहत्तर वर्षांचे होऊन गेले. त्याला आता सात आठवडे झाले. जुनी इंदूर या मोहल्ल्यातल्या दोन खोल्या आणि एक कोठी एवढ्या घरात त्यांचा चव्वेचाळीस वर्षांचा संसार झाला. तेराव्याला मिलमधले जुने सहा जण आले होते. ज्या कॉलेजात त्यांनी मिलनंतर नोकरी केली तिथून कोणीही आलं नाही. "सीधा आदमी था," असं सगळेच म्हणाले. एक जण म्हणाला, "चलो, सुटले बिचारे." कशातून सुटले ते त्याला माहीत नव्हतं. तोवर मलाही पुरतं माहीत नव्हतं...

भाऊजी फिजिक्सचे एम.एस्सी. होते. त्यांच्या प्रोफेसरांनी पुढे संशोधनासाठी जागा ठेवली होती, विषयही ठरला होता, रमण परिणाम. त्याच उन्हाळ्यात त्यांचे वडील गेले, धाकटी दोन भावंडं शिकत होती, आणि मिलला ब्लीचिंग खात्याच्या लॅबमध्ये एक माणूस हवा होता. "एक-दो साल की बात है," असं म्हणून ते आत गेले ते बावीस वर्षांनी मिलला कुलूप लागलं तेव्हा बाहेर आले. काम काय, तर धुवून निघालेल्या कापडाची सफेदी तपासणं. मी पॉलिटेक्निकला असताना एकदा त्यांनी मला ते दाखवलं होतं. लॅबच्या कोपऱ्यात काळा पडदा लावलेली एक पेटी, आत एक दिवा, ज्याचा उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. त्याखाली त्यांनी थानातला, म्हणजे ताग्यातला, एक तुकडा धरला आणि तो तुकडा निळसर पांढरा पेटला, जणू आतून कोणी दिवा लावला. "ही सगळी सफेदीच्या पावडरची करामत," ते म्हणाले. "न दिसणारा प्रकाश खाते आणि निळा बाहेर टाकते. लोकांना वाटतं कापड स्वच्छ आहे. कापड पिवळंच असतं, भिया." त्या पेटीत रोज तीन-चार तास डोळे घालून ते बसायचे. चष्मा होता, पण तो साधा होता.

त्या दिवशी घरी येताना त्यांनी मला फ्लोरोसन्स आणि रमण यांतला फरक सांगितला. मी तो तीस-पस्तीस वर्षं जसाच्या तसा लक्षात ठेवला आहे, त्याचा मला काही उपयोग झाला नाही ही गोष्ट वेगळी. त्यांनी घराचं उदाहरण घेतलं. फ्लोरोसन्समध्ये प्रकाश पाहुण्यासारखा पदार्थाच्या घरात शिरतो आणि घर त्याला गिळून टाकतं. तो संपला. मग थोड्या वेळानं, म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग मोजाल तर असे काही भाग गेल्यावर, त्या घरातून एक प्रकाश बाहेर येतो. तो पाहुणा नव्हे, घरातलाच माणूस. आत कोणीही गेलेला असो, देवासचा की उज्जैनचा, बाहेर येणारा त्या घरचाच, त्याच कपड्यातला. रमणमध्ये पाहुणा उंबरठा ओलांडतच नाही. दारावरून जाता जाता त्याचा घराशी धक्का लागतो, खिशातून ठरावीक काहीतरी खाली पडतं, क्वचित उलट काही हाती लागतं, आणि तो तसाच पुढे जातो. किती पडणार ते घरावर अवलंबून. पण पुढे जाणारा तोच असतो, जिथून आला तिथलाच. "आणि असे धक्के किती? कोटीभर जातील तेव्हा एखादा," ते म्हणाले. "बाकी सगळे सरळ निघून जातात. म्हणून ती रेष इतकी बारीक आणि इतकी फिकी, आणि फ्लोरोसन्स जरा कुठे असला की तिला झाकून टाकतो."

"मग ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"दिवा बदलायचा. निळ्याऐवजी जांभळा टाकायचा. खूण जागची हलली नाही तर ती घरची, फ्लोरोसन्स. दिव्याबरोबर सरकली, त्याच्याशी तेवढाच फरक राखून सरकली, तर रमण. बस. एवढंच."

मिल बंद झाली तेव्हा ते सत्तेचाळीसचे होते. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग गेटवर कागद लागला. इंदुरात तेव्हा हे एकाच मिलचं नव्हतं, एकामागून एक सगळ्याच मिलांचं होत होतं, आणि वर्तमानपत्रं दुसऱ्या पानावर नव्या जमान्याचं स्वागत करत होती. ताई सांगायची की पहिले दोन महिने सकाळी भोंगा वाजायचा त्या वेळेला हे उठून बसायचे आणि मग कुठे जायचं ते न कळून अंथरुणाच्या घड्या घालायचे. चार वर्षं त्यांनी कोठीत शिकवण्या केल्या. मग विजय नगरच्या पलीकडे एक खासगी इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. इमारतीचं प्लास्टर ओलं होतं, पण ब्रोशर छापून झालं होतं. भाऊजींना तिथे फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घेतलं, तात्पुरतं. मान्यता देणारी कमिटी येऊन गेली की लेक्चरर करू, असं डायरेक्टरनं तोंडी सांगितलं. भाऊजी एक्कावन्न वर्षांचे होते. त्या वयात परत कोणी त्यांना 'सर' म्हणणार होतं. ताईनं त्यांच्यासाठी दोन नवे शर्ट शिवून घेतले. एवढंच काय ते पणाला लागलेलं होतं, आणि त्या घरात त्याहून मोठं दुसरं काही नव्हतं.

ब्रोशरमध्ये कोणीतरी 'रमण इफेक्ट की सुविधा' असं छापून टाकलं होतं. कोणी छापलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. डायरेक्टरनं कुठल्याशा जुन्या कॉलेजच्या भंगारातून एक स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे प्रकाशाचे रंग पसरवून त्यांचा फोटो काचेवर उतरवणारं यंत्र, उचलून आणला होता, लॅब भरलेली दिसावी म्हणून. "चांदोरकरजी, कमेटी के सामने एक ठो रमण निकाल के दिखा दो, बस." कॉलेजात अंधारी खोली नव्हती, म्हणून ते धूड टेंपोत घालून जुनी इंदूरला आलं आणि कोठीत बसलं. भाऊजींनी खिडकीला काळा कागद चिकटवला. आरसे पुसले, प्रकाश आत यायची फट घासून सरळ केली, तीन आठवड्यांत लोलक जागेवर आणला. इतकं आनंदी मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. बंद पडायला आलेल्या एका फोटो स्टुडिओकडून जुन्या काचेच्या प्लेटा मिळाल्या. चार. दोन चाचणीत गेल्या. दोन उरल्या.

माझं काम व्होल्टेज सांभाळायचं. पाऱ्याच्या दिव्याला सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत एकसारखी वीज हवी होती आणि आमच्या खात्याच्या विजेचा मला अनुभव होता, म्हणून मी स्टॅबिलायझर घेऊन दोन रविवार तिथे बसलो. द्रव म्हणून शुद्ध अल्कोहोल घेतलं होतं. भाऊजींनी ते मुद्दाम चार पदरी कापडातून तीनदा गाळलं, धुळीचा कणही नको म्हणून. पहिल्या रविवारी एका पिवळसर द्रावणातून दिव्याचा फक्त निळा प्रकाश सोडला, दुसऱ्या रविवारी दुसऱ्या द्रावणातून जांभळा. आठ-आठ तास. ताई मध्येच दाराशी येऊन म्हणायची, "पोहे बाहेर ठेवलेत. तुमच्या अंधाराला भूक लागली की सांगा."

काचा धुतल्या आणि वाळल्या, तेव्हा दोन्हींवर उमटलं होतं. भाऊजींनी काच खिडकीशी धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, मग माझ्या हातात दिली. "सुधीर, तू देख. मला सगळं धुक्यात दिसतंय." त्यांना मोतीबिंदू उतरत होता. वयाच्या मानानं लवकर उतरला, बावीस वर्षं त्या पेटीत बघून दुसरं काय होणार. ऑपरेशन नोकरी पक्की झाल्यावर करायचं ठरलं होतं. मी खात्याचं भिंग आणि अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घेऊन बसलो. मला रीडिंग घेता येतं. मी दोन्ही काचांवर प्रत्येक खूण पाच पाच वेळा मोजली आणि सरासरी काढली. निळ्या दिव्याच्या काचेवर एक रुंद डाग होता, त्याचा मध्य ४१.२ मिलिमीटरवर. जांभळ्या दिव्याच्या काचेवर तसाच डाग, मध्य ४१.५ वर. मोजण्यातली चूक धरली तर एकच जागा.

मी तसं सांगितलं. भाऊजी म्हणाले, "पुन्हा बघ."

"पाच वेळा बघितलंय, भाऊजी."

"हलला नाही?"

"नाही."

त्यांनी काच परत घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तर तो रमण नाही."

ताई कपबश्या घ्यायला आली होती. ती म्हणाली, "नाही म्हणजे? काच दिली ना बनवून? डाग असो की रेष, त्या लोकांना काय कळणार आहे?" आणि माझ्याकडे वळून, "तुला कोणी सांगितलं होतं पाच पाच वेळा मोजायला? एकदा मोजून गप्प बसला असतास तर काही बिघडलं असतं?"

भाऊजी तोवर उठून आत गेले होते. मिलमधून येताना आणलेला तो काळ्या पडद्याच्या पेटीतला दिवा त्यांनी लावला, त्याखाली अल्कोहोलची बाटली धरली. बाटली फिकी निळी दिसली. मग गाळायचं कापड धरलं. ते पेटलं. मिलच्या शेवटच्या थानातला तुकडा होता तो, सगळ्यांत पांढरा, त्यांनीच पास केलेला, आठवण म्हणून घरी आणलेला. जगात दुसरं कोणीही साधा गाळायचा कागद वापरला असता. यांनी आपलं सगळ्यांत चांगलं कापड घेतलं, आणि त्यातली सफेदी, त्यातली खळ, त्याचे तंतू, तीन वेळा गाळून व्यवस्थित त्या अल्कोहोलमध्ये उतरवले. "माझंच कापड," ते म्हणाले आणि हसले. "बंद होऊनही मिलनं इथे पण सही केली."

कारण सापडलं. आकड्यांनी सांगितलं, दिव्यानं दाखवलं, दोन्ही जुळलं. मी समाधानानं वही मिटली. आता मला त्या समाधानाचा राग येतो. सगळं इतकं जुळलं होतं की आणखी काही बघायची गरजच कोणाला वाटली नाही. नवीन प्लेट नव्हती, कमिटीला चार दिवस होते. भाऊजींनी डायरेक्टरला जाऊन सांगितलं की हे रमण नाही, काचांवर लावायला छापलेली 'रमण'ची चिठ्ठी बदलावी लागेल. डायरेक्टर म्हणाला, "अरे, आप तो जान ले लोगे! लिखा है रमण, तो रमण है. आपको लेक्चरर बनना है कि नहीं?"

कमिटी आली त्या दिवशी मी स्टॅबिलायझरसाठी अर्धी रजा घेऊन लॅबमध्ये उभा होतो. तीन जण होते. दोघे बाहेरच्या समोशांकडे बघत होते. तिसरे एक वयस्कर गृहस्थ टेबलाशी थांबले. काचा उजेडाच्या पेटीवर ठेवलेल्या होत्या, वर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, वाकले, आणि नुसतं विचारायचं म्हणून विचारलं, "तो ये रमण लाइन है?"

डायरेक्टर म्हणाला, "जी सर, बिलकुल."

भाऊजी नवा शर्ट घालून उभे होते. ते म्हणाले, "नहीं सर. फ्लोरोसेन्स है. दोनों लैंप में एक ही जगह आता है."

समोशांकडे बघणारे दोघेही वळले. मग डायरेक्टर मोठ्यानं हसला. "हमारे चांदोरकरजी बड़े मज़ाकिया हैं, सर. आइए, कंप्यूटर सेक्शन देखते हैं." वयस्कर गृहस्थांनी एकदा भाऊजींकडे पाहिलं, मान हलवली. ती मान कशासाठी हलवली, शाबासकी म्हणून की कीव म्हणून, यावर आम्ही परतताना पाच किलोमीटर वाद घातला. मान्यता मिळाली. ती मिळणारच होती. वर्ष संपताना भाऊजींना सांगण्यात आलं की पुढच्या सत्रासाठी तरुण माणूस बघितला आहे. स्पेक्ट्रोग्राफ त्याआधीच परत गेला होता. काचा कोणालाच नको होत्या, त्या भाऊजी घरी घेऊन आले.

ताई मला काही बोलली नाही. पण त्यानंतर मी तिच्याकडे गेलो की चहा देताना ती कप जरा जोरात ठेवायची. मी मनाशी म्हणायचो, मी खोटं तर नाही ना सांगितलं? आकडा खरा होता. आकडा खरा असला की माझी जबाबदारी संपते, असं मी नोकरीत शिकलो होतो.

दोनेक वर्षांनी विजय नगरमध्ये पहिल्यांदाच काचेच्या दरवाजाचं मोठं दुकान निघालं. आम्ही राहतो त्या बड़ा गणपतीच्या भागातून खास टेंपो करून बघायला गेलो होतो, मी आणि माझी बायको सुनीता. आत धुलाई पावडरच्या ढिगाशेजारी एक टेबल, टेबलावर काळ्या पडद्याची छोटी पेटी, आणि पिवळी टोपी घातलेले भाऊजी. "आइए बहनजी, फर्क खुद देखिए. ये आपकी पुरानी पावडर... और ये हमारी." कापड पेटीत जायचं, पेटायचं, बायका "अय्या" म्हणायच्या आणि पुडा उचलायच्या. आम्हांला बघून ते थांबले नाहीत. गर्दी सरली तेव्हा सुनीताला म्हणाले, "घेऊ नकोस, काही फायदा नाही. कापड पिवळंच राहतं." आणि मला, हळूच, "इथे बरं आहे, सुधीर. कोणी विचारत नाही कुठला इफेक्ट." मी हसलो. तेही हसले. परतताना सुनीता टेंपोत माझ्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला बसली.

त्याच वर्षी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळे चांगले झाले. पुढे एकोणीस वर्षं ते जगले, शिकवण्या केल्या, दुकानात उभे राहिले, मग घरीच बसले. शेवटची भेट झाली ती ते जाण्याच्या नऊ दिवस आधी. त्यांनी विचारलं, "तुमचे मीटर आता सगळे इलेक्ट्रॉनिक झाले ना? मग तू काय वाचतोस?" मी म्हटलं, मशीनच वाचतं, मी सही करतो. "अच्छा है," ते म्हणाले. "आता चूक झाली तर मशीनची." मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं.

तेराव्यानंतरच्या रविवारी ताईनं मला बोलावलं. कोठीतलं सामान काढायचं होतं. ती स्टुलावर बसली आणि तिनं एक जाड पाकीट माझ्यापुढे टाकलं. "बघ," ती म्हणाली.

"काय आहे?"

"तुझं रीडिंग."

आत त्या दोन काचा होत्या आणि माझ्या वहीचं पान, जे मी तेव्हा त्यांना फाडून दिलं होतं. माझं अक्षर, माझी सही. डागांचे आकडे. आणि खाली, शेवटच्या ओळीत, मीच लिहिलेलं : 'दोन्ही काचांवर एकेक बारीक ओरखडा आहे. पहिलीवर ५३.६, दुसरीवर ४४.१. जागा वेगवेगळ्या, म्हणून प्लेटचा दोष समजून सोडून दिला.'

मी ती ओळ लिहिली होती हे मला आठवतच नव्हतं. वाचली आणि दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. जागा वेगवेगळ्या, म्हणून. तेच तर बघायचं होतं. डाग हलत नाही, रेष हलते. डाग कापडाचा होता, आणि त्या डागावर केसाएवढी रेष होती, दिवा बदलल्यावर सरकलेली. मी डाग पाच पाच वेळा मोजला आणि रेष ओरखडा म्हणून सोडली, आणि का सोडली तेही इमानदारीनं लिहून ठेवलं.

"ऑपरेशन झाल्यावर आठ दिवसांनी बघितलं त्यांनी," ताई म्हणाली. "त्या खिडकीत उभे होते. मला बोलावलं, बोट ठेवून दाखवलं. मला काय दिसतंय? मी म्हटलं, मग सुधीरला सांगा. म्हणाले, कशाला, त्यानं काय होणार? मशीन परत येणार, की कमिटी परत येणार? आणि म्हणाले, त्यानं लिहून दिलं होतं, वाचायचं काम माझं होतं, मी नुसतं डागाचं ऐकलं. माझ्याकडून वचन घेतलं की तुला सांगायचं नाही."

मी वहीचं पान काचांशेजारी ठेवलं.

"दर भाऊबीजेला तू पाटावर बसायचास," ती म्हणाली, "आणि मी निरांजन हातात घेतलं की मला वाटायचं, आता सांगते. एकोणीस वेळा वाटलं. तू आपला मान खाली घालून टिळा लावून घ्यायचास. आता ते गेले, वचन संपलं. म्हणून सांगितलं. तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगितलं."

मी काचा खिडकीशी नेल्या. खिशात भिंग होतंच. पाऱ्याच्या ठरलेल्या रेषा काचेवर असतात, त्यांच्या आधारानं जागेचा रंग काढता येतो, आणि नुसत्या मिलिमीटरवर जाऊन चालत नाही, कारण लोलक सगळे रंग सारख्या अंतरानं पसरवत नाही. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. तासभर बसून मी गणित केलं. निळा दिवा आणि त्याची रेष, जांभळा दिवा आणि त्याची रेष, दोन्हींमधला फरक सारखा निघाला, मोजण्याच्या चुकीत बसेल इतका सारखा, आणि पुस्तकात अल्कोहोलसाठी जो दिलेला असतो तोच. म्हणजे त्या कोठीत, भंगारातल्या यंत्रावर, मिलच्या कापडानं घाण केलेल्या द्रवातून, भाऊजींनी रमण पकडला होता. चिठ्ठी बरोबर होती. डायरेक्टर खोटं बोलत होता आणि त्याचं विधान खरं होतं. भाऊजी खरं बोलले आणि ते चूक होतं. ज्या एका वाक्यानं त्यांची नोकरी गेली ते वाक्य मी त्यांना दिलं होतं, दशांशासकट.

लोक म्हणतील की तरीही त्यांनी जे खरं वाटलं ते सांगितलं, ते मोठेपण कोण काढून घेणार. तेराव्याला मीही असंच काही म्हटलं असतं. पण त्या मोठेपणावर त्यांना दहा वर्षं पिवळी टोपी घालून उभं राहावं लागलं, आणि ज्या गोष्टीसाठी त्यांनी हे केलं ती गोष्टच तशी नव्हती, हे त्यांना त्यातली बहुतेक वर्षं माहीत होतं. टोपी घालताना माहीत होतं. ते कसलं मोठेपण, मला सांगता येत नाही.

"झालं मोजून?" ताईनं विचारलं.

"झालं."

"काय निघालं?"

"त्यांचं बरोबर होतं."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुझं काय निघालं ते विचारतेय."

मी काचा पाकिटात घालायला लागलो. म्हटलं, मी घरी नेतो, नीट ठेवतो, कुठल्या तरी चांगल्या कॉलेजात दाखवतो. ताई उठली, माझ्या हातातून पाकीट घेतलं, त्यातली एक काच काढून आपल्या पदराखाली धरली आणि दुसरी पाकिटासकट मला दिली. "एक तुझ्याकडे राहू दे. एक माझ्याकडे."

"ताई, एका काचेवरून काही सिद्ध होत नाही. दोन्ही शेजारी लागतात."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्यांच्याबरोबर चव्वेचाळीस वर्षं काढलीत. बघावंसं वाटलं की इथे ये."

माझ्याकडे निळ्या दिव्याची आली. ती मी कपाटात, माझ्या सर्व्हिसच्या कागदांवर ठेवली आहे. अधूनमधून काढून खिडकीशी धरतो. डाग चटकन दिसतो. रेषही आता दिसते, कुठे बघायचं ते कळल्यावर न दिसायला काही झालं नाही... सुनीतानं परवा पाहिली आणि विचारलं, "हा ओरखडा कसला?" माझ्या हातात एकच काच होती. ओरखडा नाही हे दाखवायला लागणारी दुसरी ताईकडे होती.